हातचा कुठून येतो?

 

मागच्या वेळी आपण मुलांच्या डब्याविषयी बोललो. कार्यक्रम संपल्यावर एका मैत्रिणीचा फोन आला, पण तो डब्याबद्दल नव्हता. तिचा मुलगा दुसरीत आहे. गृहपाठात ४२ वजा १७ होतं. त्याने उत्तर लिहिलं ३५. तिने पुसायला लावलं, त्याने परत ३५ लिहिलं. तिसऱ्यांदा ३५ आलं तेव्हा तिचा हात उठला. "ताई, त्याचं लक्षच नसते," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "तसं माझंही गणित कच्चंच होतं. मारलं, आणि रात्रभर मलाच झोप नाही लागली."

आम्ही हा कार्यक्रम करणाऱ्या चौघी. दोघी बालवाडीत शिकवतो, दोघी आता आजी झालो आहोत. त्या ३५ वर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. आज तेच सांगायचं आहे.

आधी त्या पोराने काय केलं ते पाहू. एककाच्या घरात वर २, खाली ७. पहिलीत आपणच त्याला सांगितलेलं असतं की लहानातून मोठी संख्या जात नाही, नेहमी मोठ्यातून लहान काढायची. त्याने आज्ञा पाळली. ७ मधून २ काढले, राहिले ५. ४ मधून १ काढला, राहिले ३. झाले ३५. मैत्रिणींनो, तीनदा तेच उत्तर आलं, म्हणजे त्याचं लक्ष होतं. लक्ष नसलेलं मूल तीन वेळा तीन वेगळी उत्तरं देतं. त्याच्याकडे एक नियम होता, तो त्याने चोख वापरला. फक्त ४२ म्हणजे चार दहा आणि वर दोन, हे त्याला दिसत नव्हतं. त्याला एक चार दिसत होता आणि शेजारी एक दोन.

हे एकट्याचं नाही. 'असर' नावाची एक पाहणी २००५ पासून होते. त्यात स्वयंसेवक गावात घरोघर जाऊन मुलांपुढे एक कागद ठेवतात, त्यावर अशीच दोन अंकी हातच्याची वजाबाकी असते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा मुलांनाच ती जमली. सरकारच्या निपुण भारत अभियानात, जे २०२१ च्या जुलैत सुरू झालं, दुसरीच्या मुलाला ९९ पर्यंतची वजाबाकी यावी असं ठरवलं आहे. म्हणजे शाळेची अपेक्षा एकीकडे आणि बहुतेक मुलं दुसरीकडे. मधली जागा कोण भरणार, तर संध्याकाळी घरी वही घेऊन बसणारी आई. तिला मात्र ही वजाबाकी कशी समजावायची ते कुणी शिकवलेलं नसतं.

आता थोडं आपल्या भाषेकडे वळू, कारण गोंधळाचं एक मूळ तिथे आहे. बेचाळीस म्हणा. तोंडातून आधी काय आलं? 'बे', म्हणजे दोन. चाळीस मागून आलं. लिहिताना मात्र चार आधी, दोन नंतर. लहान मूल ऐकतं तसं लिहितं, म्हणून बेचाळीस सांगितलं की चोवीस लिहितं. तुम्ही म्हणता, उलटंच लिहितो. तो उलटं नाही लिहीत, ऐकलं तसं सुलटं लिहितो.

त्यात आपलं नागपूर. १९५६ पर्यंत हे शहर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होतं, आणि अजूनही आपल्या पोरांच्या कानावर दोन्ही पडतात. आजी सदतीस म्हणते, कॉटन मार्केटचा भाजीवाला सैंतीस म्हणतो, शाळेत थर्टी सेव्हन. सेमी-इंग्रजीच्या मुलांचं तर गणित इंग्रजीत आणि बाकी बरंच मराठीत. आकड्यांचीही गंमत बघा. घरात कालनिर्णय टांगलेलं असतं. इंग्रजी आकडे शिकलेल्या मुलाला त्यातला आपला १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपला ४ हा इंग्रजी आठसारखा. आमच्यातल्या एकीची नात दिवाळीची तारीख सांगताना आठवडाभर गोंधळ घालत होती, तेव्हा कुठे आम्हाला हे कळलं.

या संख्यांच्या नावांवरून २०१९ च्या जूनमध्ये मोठा वाद झाला होता, आठवतो का? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', बासष्टच्या जोडीला 'साठ दोन' असं वाचन दिलं होतं. वर्तमानपत्रांत, विधानसभेत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तोच विषय. भाषा बुडाली असं लोक म्हणाले. तेव्हा गणिताच्या समितीच्या अध्यक्षा होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान मुलांना जड जातात, त्यापायी मुलं गणितालाच घाबरतात, म्हणून दुसरी सोपी वाट दिली, असं त्यांचं म्हणणं होतं. जुनी नावं काढून टाकलेली नव्हती. आणि असं बोलणं काही जगावेगळं नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या आपल्या तेलुगू शेजारणीला विचारा, ती एकवीसला 'इरवै ओकटि' म्हणते, म्हणजे वीस एकच. मंगलाताई २०२३ साली गेल्या.

आमचं मत विचाराल तर दोन्ही म्हणा. बेचाळीस तर म्हणायचंच, नाहीतर मूल आजीशी बोलणार कसं? पण मोजताना लगेच पुढे जोडायचं, बेचाळीस, म्हणजे चाळीस आणि दोन. पैसे लागत नाहीत, वेळ लागत नाही.

आणि जुन्या नावांना नुसतं अवघड म्हणून मोडीत काढू नका. एकोणतीस घ्या. 'ऊन' म्हणजे कमी. एकोणतीस म्हणजे एक कमी तीस. नावातच वजाबाकी बसली आहे! एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळ्यांत ती आहे, फक्त नव्याण्णव तेवढं वेगळं निघालं. मुलाला एकदा हे उलगडून सांगितलं की ४६ अधिक २९ त्याला तोंडी येतं. २९ म्हणजे एक कमी तीस. ४६ मध्ये तीस टाकले, ७६. एक काढला, ७५. कागद नाही, हातचा नाही.

पण एवढ्यावर काम भागत नाही. नाव कोणतंही घ्या, दहा म्हणजे किती हे हाताला कळल्याशिवाय पुढचं सगळं वाऱ्यावर. म्हणून पहिल्यापासून येऊ.

चार-पाच वर्षांचं मूल घडाघडा पन्नासपर्यंत म्हणतं आणि आपण पाहुण्यांसमोर म्हणायला लावतो. म्हणता येणं वेगळं, मोजता येणं वेगळं. वाटाणे सोलताना त्याला सात दाणे द्यायला सांगा. काही मुलं मूठभर उचलतात आणि बोट फिरवत दहापर्यंत म्हणून मोकळी होतात. एका दाण्याला एक आकडा, हे अजून बसलेलं नसतं. ते बसायला पाट्या भरून लिहायची गरज नाही, ताटं मांडायला सांगायचं. घरात माणसं पाच, ताटं तीन मांडली, अजून किती लागतील? पाटी हातात धरायच्या आधीच त्याने वजाबाकी केली.

संत्रं सोलून द्या. आपल्याकडे संत्र्याची काय वाण! आधी अंदाज करायचा, फोडी किती निघतील. कधी दहा निघतात, कधी अकरा, कधी नऊ. दहा निघाल्या तर चार तुझ्या, मग माझ्या किती? मूल फोडी मोजून सांगेल. मोजू द्या.

बोटांवर मोजतो म्हणून हातावर पट्टी मारणाऱ्या बाई आम्हाला होत्या. तुम्हालाही असतील. बोटं वाईट नाहीत. आपल्या आज्या बोटांच्या पेरांवर जप मोजतात, त्यांना कुणी कच्च्या म्हणत नाही. फक्त बोटांवर मोजण्यातही पायऱ्या असतात, त्या ओळखता आल्या पाहिजेत. पाच अधिक तीन विचारलं की अगदी लहान मूल एका हातावर पाच मोजतं, दुसऱ्यावर तीन, आणि मग पुन्हा एकपासून आठपर्यंत सगळी मोजतं. थोडं पुढे गेलेलं मूल पाच मनात धरतं आणि पुढे सहा, सात, आठ म्हणतं. ही दुसरी पायरी मोठी उडी आहे. ती आणायला एक युक्ती. पाच चिंचोके मुलासमोर मोजून डब्यात टाका आणि झाकण लावा. मग तीन बाहेर ठेवा. आता एकूण किती? डब्यातले मोजता येत नाहीत, मग पाच मनात धरावेच लागतात. पहिल्यांदा पोरगं झाकण उघडायला धावेल. हसा आणि पुन्हा लावा.

चिंचोक्यांचा दुसरा खेळ याहून महत्त्वाचा, आणि आमच्या मते सगळ्या बेरीज-वजाबाकीचा पायाच तो. दहा चिंचोके, एक वाटी. मुलाने डोळे मिटायचे, आपण काही चिंचोके वाटीखाली झाकायचे. बाहेर सात दिसतात, आत किती? बाहेर चार, आत किती? मग त्याने झाकायचे आणि आपण ओळखायचं, मधूनच मुद्दाम चुकायचं. आई चुकली की मुलांना कोण आनंद होतो! पंधरा दिवस रोज पाच मिनिटं. दहाच्या जोड्या, म्हणजे एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा, पाच-पाच, तोंडावर आल्या की ८ अधिक ५ आपोआप सुटतं. आठाला दहा व्हायला दोन हवेत, ते पाचातून घेतले, उरले तीन. दहा आणि तीन, तेरा.

आता दहाची जुडी. घरच्या खराट्याच्या काड्या घ्या, सारख्या मोडा, धुऊन वाळवा. शंभर झाल्या तर उत्तम. दहा दहाच्या जुड्या करून रबर लावायचं, मेथीची जुडी असते तशी. जुड्या मुलाने स्वतः बांधायच्या, आपण बांधून द्यायच्या नाहीत. त्यात एक संध्याकाळ गेली तर जाऊ द्या.

२७ अधिक १५ करायचं. दोन जुड्या आणि सात सुट्या काड्या. शेजारी एक जुडी आणि पाच सुट्या. सुट्या एकत्र केल्या, बारा झाल्या. बारा झाल्यावर काय करायचं? दहा झाल्या की जुडी बांधायची, हा आपला नियम. मूल दहा काड्या मोजतं, रबर लावतं, दोन काड्या खाली राहतात आणि नवी जुडी त्याच्या हातात असते. हाच हातचा! शाळेत आपण सगळ्या जणी 'हातचा एक' म्हणत आलो, पण तो एक म्हणजे एक नसून दहा आहे, हे आमच्यातल्या एकीला पन्नाशीत कळलं, आणि ते तिने न लाजता इथे सांगायला सांगितलं आहे. ती जुडी बाकीच्या जुड्यांत ठेवली. दोन, एक आणि ही एक. चार जुड्या, दोन सुट्या, बेचाळीस. मगच वहीत लिहायचं, डोक्यावर छोटा १ मांडून.

आणि आता त्या पोराचं ४२ वजा १७. चार जुड्या, दोन सुट्या. मला सतरा काड्या दे. तो एक जुडी देतो. अजून सात दे. त्याच्याकडे सुट्या दोनच. इथे बोलू नका. गप्प बसणं हे या सगळ्यातलं सगळ्यात कठीण काम, आमचा अनुभव आहे. मूल काड्यांकडे बघतं, आपल्याकडे बघतं, आणि बहुतेक वेळा स्वतःच विचारतं, "जुडी सोडू का?" सोड बाबा. रबर काढलं, बारा सुट्या झाल्या, त्यातल्या सात दिल्या, पाच राहिल्या. जुड्या राहिल्या दोन. पंचवीस. वहीतलं ३५ आणि समोरच्या काड्या, दोन्ही त्याला दिसतात. चूक दाखवायला आपली गरज उरत नाही.

याला बऱ्याच ठिकाणी 'शेजाऱ्याकडून उसने घेणे' म्हणतात. आम्हाला तो शब्द आवडत नाही. एका मुलीने बालवाडीच्या ताईला विचारलं होतं, "उसने घेतले तर परत कधी द्यायचे?" प्रश्न अगदी रास्त आहे. कुणाकडून काही घेतलेलं नसतं. आपलीच जुडी आपण सोडतो, दहाची नोट मोडून चिल्लर करतो तशी.

एक खबरदारी मात्र घ्या. आमच्या पिढीतल्या पुष्कळ जणींना वजाबाकी वेगळ्या रीतीने शिकवली गेली. बारातून सात गेले पाच, हातचा एक, तो खालच्या एकात मिळवून दोन, चारातून दोन गेले दोन. उत्तर तेच येतं, कारण वर दहा वाढवले तसे खालीही दहा वाढवले, मग फरक तेवढाच राहतो. पण शाळेत जुडी सोडायची रीत आणि घरी आईची ही रीत, अशाने मूल दोन्ही एकत्र करून ठेवतं. वरचा चारही कमी करतं आणि खालचा एकही वाढवतं. तेव्हा शाळेत कोणती रीत चालली आहे ते आधी बाईंना विचारा, आणि आपली रीत वर्षभर बाजूला ठेवा.

वस्तू हातात देऊन गणित शिकवायचं हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही, बरं का. शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीम निघाली. हातातल्या कामातून शिकायचं, सूत कातता कातता हिशेबही शिकायचा. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. तिथे जुडी सुताची होती, आपली खराट्याच्या काड्यांची.

पैशांचा खेळही तसाच. पण हल्ली घरात चिल्लरच नसते. भाजीवाल्याच्या गाडीवरही क्यूआर कोड लटकलेला, आई फोन पुढे करते आणि मुलाला पैसे दिसतच नाहीत. म्हणून दहाच्या पाच नोटा आणि एक-एकची वीस नाणी एका डब्यात मुद्दाम ठेवा. ३७ रुपयांची वस्तू, ५० दिले. जुना दुकानदार कसे परत द्यायचा आठवतं? अडतीस, एकोणचाळीस, चाळीस म्हणत तीन नाणी हातावर ठेवायचा, वर दहाची नोट, पन्नास. झाले तेरा. त्याने वजाबाकी केलीच नाही, तो पुढे मोजत गेला. वजाबाकी म्हणजे फक्त काढून घेणं नव्हे, अजून किती हवेत हेही वजाबाकीच.

आणि फरक ही तिसरी. तान्हा पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात, बोजारा गोळा करतात, आणि घरी आल्याबरोबर भावाभावांची तुलना सुरू होते. एकाला ६५ मिळाले, दुसऱ्याला ४८. किती कमी मिळाले म्हणून रडणाऱ्याला आधी नोटा आणि नाणी दोन रांगांत समोरासमोर मांडायला लावा. रडणं थांबेलच असं नाही, पण फरक कळेल. शाब्दिक उदाहरणांत मुलं इथेच फसतात. 'जास्त' शब्द दिसला की मिळवायचं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. मीनाकडे १२ बोरं आहेत, ती राजूपेक्षा ५ ने जास्त आहेत, तर राजूकडे किती? बहुतेक मुलं सतरा म्हणतात. बोरं मांडली की सात म्हणतात.

राहता राहिलं "माझंही गणित कच्चंच होतं". हे मुलासमोर म्हणू नका, एवढंच. आमच्याशी फोनवर खुशाल म्हणा.

त्या मैत्रिणीला आम्ही हे सगळं फोनवर सांगितलं होतं. परवा तिचा पुन्हा फोन आला. खराटा मोडला म्हणून सासूबाई रागावल्या, पण आता संध्याकाळी त्याच जुड्या बांधायला बसतात. ४२ वजा १७ पंचवीस आलं. मुलाने सोडलेल्या जुडीचं रबर मनगटात घातलं. का रे, तर म्हणे किती जुड्या सोडल्या ते विसरायला नको. नंतर १०० वजा ३८ करायचं म्हणून सगळ्या दहा जुड्या घेऊन बसला आणि विचारायला लागला, दहा जुड्यांना बांधायला मोठं रबर मिळतं का?